गाळलेला महिना

गुंडोपंत इनामदारांना आपल्या हिशेबाचा भारी ताठा. नातवाच्या बारशाला पाहुणे जमले, नाव ठेवायची वेळ आली, आणि पंत गरजले, "पाळणा थांबवा!"

वर्षभर मोहिमेवर असलेला त्यांचा मुलगा अक्षय तृतीयेला घरी परतला होता. पंतांनी सगळ्यांदेखत बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवायला सुरुवात केली. वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण... "पौष लागला न लागला तोच मूल झालं. म्हणजे भरले आठच महिने! आणि पोर तर पूर्ण दिवसांचं, चांगलं गुटगुटीत. हे कसं?"

पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. सून कृष्णाबाई मात्र सासऱ्यांच्या अंगठ्याकडेच बघत होती. तो नेमका कुठे चुकतोय, याचंच तिला कुतूहल. मग ती हळूच म्हणाली, "मामंजी, यंदा सासुरवाडीनं आपल्याला अनारशांचं वाण दिलं, ते कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हणजे? अधिक महिन्यात जावयाला देतातच! चांगले तेहेतीस होते, चांदीच्या ताटात!" पंतांनी मिशीवर ताव दिला.

"म्हणजे यंदा श्रावण दोन आले. मग अनारसे खाताना धरलेला महिना नातू मोजताना कसा गाळलात?"

अंगठा पेरावरच थबकला. बायकांनी तोंडाला पदर लावले.

पंत खाकरले, उठले आणि स्वतः पाळण्याची दोरी हातात घेऊन म्हणाले, "नाव ठेवा पुरुषोत्तम."

अधिक महिन्याचा देव तोच. आता रोज हाक मारताना तरी पंतांना तो महिना विसरायची सोय उरली नाही.