चालत नसेल तर उचलून आणा

एका गावात एक भोळा बाप होता. नाव रखमाजी. भोळा म्हणजे किती, तर 'जरा डोकं चालव' म्हटलं की मान डोलवायचा. मनानं मात्र सोनं, आणि लेक ठकू म्हणजे त्याचा जीव की प्राण.

एकदा ठकू पेरूच्या झाडावरून पडली आणि पाऊल धरून रडायला लागली. बायको सगुणा बाळंतीण, खाटेवरून उठायची नव्हती. गावात डॉक्टरीणबाई यायच्या त्या फक्त बाजारच्या दिवशी, आणि दिवस मावळला की तालुक्याच्या गाडीनं परत जायच्या. नशीब, त्या दिवशी बाजार होता. पाय नुसता मुरगळलाय की मोडलाय, हे कळायला हवं होतं. मोडला असला आणि बाई निघून गेल्या, तर पोर जन्माची लंगडी.

"आवं, बसलाय काय?" सगुणा म्हणाली. "डॉक्टरीणबाईंस्नी पाय दाखवून या."

रखमाजी धावत सुटला. बाईंच्या टेबलावर त्यानं पाय ठेवला. बाईंनी बोटं दाबली, घोटा फिरवला.

"याला काही झालेलं नाही. धूत मात्र जा."

रखमाजी खुशीत घरी आला. "काय बी झालं न्हाई म्हणाल्या. धुवायला सांगितलाय."

"कुणाचा पाय दाखवला?"

"माझा. कुणाचा दाखवू ते तू कुठं सांगितलंस?"

सगुणानं कपाळाला हात लावला. "जे पोर रडतंय ते न्यायचं असतं वो."

"हां, असं सांग की."

पण एव्हाना लेकीच्या बाळंतपणाला आलेल्या सासूबाईंनी ठकूच्या हातावर गुळाचा खडा ठेवला होता, त्यामुळे ती गप्प होती. रडत होतं ते पाळण्यातलं तान्हं. रखमाजीनं ते उचललं आणि निघाला.

"याला भूक लागलीय," बाई म्हणाल्या.

"पण रडतंय की."

"रडण्यावर जाऊ नका. सूज बघा. कुठं फुगलंय ते बघा आणि मग आणा."

रखमाजी घरी आला. ठकूच्या पायावर हळदीचा लेप, वर फडकं. सूज दिसणार कशी? इकडं सासूबाई गाल फुगवून बसलेल्या. तान्ह्या पोराला तीटसुद्धा न लावता भर बाजारातून फिरवून आणलं, हा राग.

"बघा, आयचं तोंड कसं फुगलंय," सगुणा म्हणाली.

रखमाजीनं बघितलं. खरंच फुगलं होतं. सासूबाईंना घेऊन तो परत बाईंकडं गेला.

"आजी, काय होतंय?" बाईंनी विचारलं.

"मला काय धाड भरलीय?" सासूबाई म्हणाल्या. "जावई भोवतोय."

बाईंनी हात जोडले. "रखमाजी, नीट ऐका. रडणं सोडा, फुगणं सोडा. चालतंय का तेवढं बघा. चार पावलं चालत असेल तर घरी राहू दे. चालत नसेल तर उचलून आणा. कुणाला विचारत बसू नका, माझी गाडी यायची वेळ झालीय."

रखमाजी घोकत निघाला. "चालत नसेल तर उचलून आणा. चालत नसेल तर उचलून आणा." वाटेत पारावर मंडळी बसली होती. सरपंच तंबाखू मळत होते. मागं कुणीतरी हळूच म्हणालं, "गावात एवढा रुबाब, पर घरात सरपंचांचं काय बी चालत न्हाई."

रखमाजी थबकला. ठकूचं अजून बघायचं होतं. यांचं तर गावाला ठाऊक होतं. विचारत बसायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. सरपंच अंगानं काटकुळे. त्यानं त्यांना उचलून खांद्यावर टाकलं.

सगळा बाजार मागं लागला. गलका ऐकून ठकूही गंमत बघायला लंगडी घालत आली.

"बाई, यांचं चालत न्हाई."

"कोण म्हणतं?" सरपंच खांद्यावरून ओरडले.

"मी म्हणते," गर्दीतून सरपंचांची बायको म्हणाली.

पण बाईंचं लक्ष ठकूकडं गेलं होतं. त्यांनी तिला टेबलावर घेतलं. पाऊल दाबताच ती किंचाळली. बाईंनी फळ्या लावून पाय पक्का बांधला.

"हाड चिरलंय. वेळेवर आली. आज राहिली असती तर पाय वाकडा जुळला असता."

रखमाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. यापुढं बाईंचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, असं त्यानं ठरवलं. तेवढ्यात गाडीचा भोंगा वाजला. बाई पिशवी भरता भरता म्हणाल्या, "आता उचला आणि घरी न्या. महिनाभर जमिनीला पाय लागता कामा नये."

रखमाजीनं डोळे पुसले. टेबलावर ठकू होती. बाकावर सरपंच धापा टाकत होते. उचला म्हणजे मघाशी उचललं होतं तेच, दुसरं कोण?

सगुणा खाटेवरून बघतच राहिली. "आवं, ठकू कुठाय?"

"दवाखान्यात. तिला उचलायला बाईंनी कुठं सांगितलं?"

"आन् हे?"

सरपंचांचे पाय हवेत लोंबत होते. ओरडून ओरडून घसा पार बसला होता.

"आवं, आधी त्यांना खाली ठेवा."

रखमाजीनं सरपंचांना खांद्यावर नीट वर सरकवलं.

"आता एकदम फुडच्या महिन्यात."