दोनशे छप्पन हत्ती

"रणधुरंधर, सिंहगर्जन, महाराज दुंदुभीराज! वांग्याचं भरीत, दोन पराती!"

भरल्या दरबारात ललकारीच्या यंत्रानं असं ठणकावलं आणि राजाच्या मिशा थरथरल्या. यंत्र चालवणाऱ्या सगुणाला धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं! तिचे वडील दरबारचे चोपदार. त्यांचा आवाज बसल्यापासून घरातली मानाची चांदीची काठी या यंत्राच्या जिवावरच टिकून होती.

चूक तिचीच होती, नेहमीप्रमाणे. यंत्र चाले 'सी' नावाच्या भाषेत. तिथं एकाच जागेला दोन रूपं. बिरुदं भरताना ती लहानमोठ्या कप्प्यांची पेटी, ललकारी देताना तीच सारख्या घरांची रांग. रांगेत घरं किती, ते सगुणा बोटांवर मोजून लिही. आणि तिची ती बोटं! राजानं बिरुद वाढवलं की एक घर कमी, नाहीतर चार जास्त. जास्तीच्या घरांत सकाळी याच यंत्रात भरलेली मुदपाकखान्याची यादी उरलेली असे.

"उद्या मी नवी बिरुदं चढवणार!" राजा गरजला. "किती, ते सांगणार नाही. रांगेचं माप मात्र आजच लिहून ठेव. एक घर कमी नको, एक जास्त नको. चुकलीस तर काठी परत!"

"महाराज, मला आजची धड मोजता येत नाहीत, उद्याची कुठून मोजू?"

"ते तू बघ!"

घरी वडील काठी पुसत बसले होते. 'माझ्या डोक्यावर विसंबलं तर काठी गेलीच,' असं म्हणत सगुणानं एकच ओळ लिहिली आणि ती झोपली.

दुसऱ्या दिवशी राजानं दोन बिरुदं चढवली; त्यातलं शेवटचं पदरच्या हत्तींच्या आकड्याचं. यंत्रानं घरं धरली अडुसष्ट.

"चुकली!" प्रधान त्रिंबकपंत उडालेच. "अक्षरांना एकसष्ट घरं, हत्तींच्या आकड्याला चार. झाली पासष्ट!"

"पंतांचंच माप लावून बघू," सगुणा म्हणाली. तिनं पासष्ट लिहून कळ दाबली.

"...महाराज दुंदुभीराज! पदरी हत्ती चव्वेचाळीस!"

"चव्वेचाळीस?" राजा ताडकन उठला. "तीनशे आहेत! माझे दोनशे छप्पन हत्ती गेले कुठे?"

"पंतांच्या मापाबाहेर राहिले, महाराज! आकडा मोठा मानकरी. अक्षरांना खेटून बसत नाही, इथं तीन घरं मोकळी सोडून बसलाय. ती पंतांनी धरलीच नाहीत, म्हणून रांग आकड्याच्या पहिल्याच घरानंतर तुटली. त्या घरात चव्वेचाळीस, बाकीचे दोनशे छप्पन पुढच्या घरात! मीही असंच मोजलं असतं, वर बेरीजही चुकले असते!"

तिनं आपली ओळ परत लावली. तीनशे हत्ती हजर! भरीत नाही, काही नाही.

"अगं, पण तू मोजलंस कसं?" राजानं विचारलं.

"मोजलंच नाही! मापाच्या जागी आकडा न लिहिता लिहिलं, 'पेटी जेवढी, तेवढी घरं.' पेटी आपलं माप आपणच सांगते. तुम्ही बिरुदं चढवा, मोजेल ती पेटी. मी आपली फुकटचा पगार खाते!"

राजा इतका हसला की मुकुट कानावर आला. त्यानं चोपदाराची काठी चोपदाराकडेच ठेवली, सगुणाला नवी चांदीची काठी दिली आणि फर्मावलं, "पेटीत हिच्याही नावाचा कप्पा वाढवा!"

पंतांची बोटं लगेच मोजायला उठली. मग त्यांनी ती हळूच उपरण्यात लपवली.