उलट्या पावलांची पाखाडी

त्या बाईला हसलात ते बरं केलं नाहीत. मघाशी बंदरावरून ती उलटी चढत आली, तोंड समुद्राकडे आणि पाठ देवळाकडे करून, तेव्हा तुमच्यातल्या कुणीतरी मोबाईल काढला. तिचा मुलगा आज मस्कतला गेला. तोही ह्याच पाखाडीनं उतरला, तोही उलटाच, पण तोंड देवळाकडे करून. तो उतरला तेव्हा तुम्ही नाश्ता करत होतात. आता आलाच आहात तर बसा पायरीवर. सावली आहे तोवर सांगतो.

पाखाडी म्हणजे ह्या दगडी पायऱ्या, दोनशे चौदा. वर पावणाईचं देऊळ, खाली सातोंडीचं बंदर. पाखाडी काठीसारखी सरळ, त्यामुळे कुठल्याही पायरीवरून देऊळ दिसतं. इथं तारवावर काम करणाऱ्यांच्या घरात धाकू तारी नावाचा एक मुलगा होता. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. सोळाव्या वर्षी तो बोटीवर खलाशी म्हणून लागला आणि पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, ब्युनॉस आयर्सला उतरला. आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडात ते नाव बसत नसे, ते 'बोनसारी' म्हणत.

तिथं टँगो म्हणून गाणं आहे आणि त्याच गाण्यावरचा नाच. धाकू ते गाणं गायला लागला आणि त्या गावाला वेड लागलं, असं सांगतात. त्याच्या तबकड्या निघाल्या. लोक त्याला दाको म्हणत, आणि तो रस्त्यानं चालला तर ट्राम थांबवत म्हणे. एल्विरा नावाची बाई त्याची बायको झाली. नाचाची एक रीत मात्र ध्यानात ठेवा, पुढं लागेल. नव्या पुरुषाला तिथं आधी बाईचं पाऊल शिकवत, म्हणजे मागं मागं जायचं. दुसरा पुरुष पुढून चालवणार, ह्यानं न बघता मागं सरायचं. धाकूनं दोन वर्षं तेवढंच केलं.

इकडे त्याच्या आईला, आवडूला, नऊ वर्षांत एकही पत्र नाही. ती पावणाईला नवस बोलली, माझा झील जिवंत परत येऊ दे, मी त्याला तुझ्या पायाशी कायमचा ठेवीन. मुलाला न विचारता बोलली. आई असं करते, आणि मग निस्तरायचं मुलानं.

धाकू आला तो शिमग्याला. पांढरा सूट, हातात पेटी, पेटीत तबकड्या वाजवायचं यंत्र. पंधरा दिवस राहून परत जायचं ठरवून आला होता. पालखीपुढे तो गायला. शब्द एकालाही कळला नाही, पण सगळं गाव रडलं. मग आईनं नवस सांगितला. आता जायचं तर कौल हवा. देवीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या पाकळ्या पाण्यानं चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

डावी पडली.

दर शिमग्याला तो विचारी आणि दर शिमग्याला डावी पडे. पाकळ्या लावणारा होता बाबल गुरव. बाबल गुरव माझा आजा. धाकू गायला लागल्यापासून बारा गावचे लोक आमच्या जत्रेला येत होते, देवळात नारळ ठेवायला जागा नव्हती. आजा डावी पाकळी ओली लावतच नसे, नुसती टेकवी. आमच्या घरात हे कुणी बोलत नाही. मी बोलतो, कारण मेल्यावर देवीसमोर मलाही उभं राहायचं आहे.

कौलाशिवाय एकही होडीवाला धाकूला आगबोटीपर्यंत न्यायला तयार नव्हता. एकदा तो डोंगरावरून चालत निघाला. खिंडीपर्यंत गेला आणि आवाज बसला. नुसता श्वास बाहेर येई. परत वळला तर देवळाचा कळस दिसताच आवाज सुटला. भीतीनं बसला असेल. लोक म्हणतात देवीनं धरला. काही असो, त्यानंतर तो खिंडीकडे फिरकला नाही. संध्याकाळी आरती झाली की त्याला गायला उभा करत, आणि जत्रेत तर पाहुण्यांसाठी तेच गाणं दहा दहा वेळा. सूट कोपरावर फाटला. रिकामा असला की देवळाच्या अंगणात एकटाच मागं मागं चालत राही. पोरं ओरडत, "धाकूदादा, खेकडो तरी आडवो चालता, तू सरळ उलटो." तो हसायचा. पुढं पुढं हसणंही बंद झालं.

चौथ्या वर्षी एका खलाशाच्या हाती तिकडच्या दोस्ताची चिठ्ठी आली. बोनसारीत धाकू मेला असं सगळ्यांनी धरलं होतं. त्याच्या तबकड्यांपुढे लोक मेणबत्त्या लावत होते, आणि आता पूर्वीपेक्षा बरा गातो असं म्हणत होते. एल्विरा काळे कपडे घालून हिंडत होती. येत्या पावसाळ्यापर्यंत तो जिवंत असल्याचं कळलं नाही तर ती माहेरी, दूर डोंगरात निघून जाणार होती. चिठ्ठी वाचून धाकू आईला एवढंच म्हणाला, "आये, थंय मी मेलंय आणि हंय मी बांधलेलो. मी जितो खंय आसंय ता तरी सांग."

आवडू दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी शिमग्याची पालखी होती. भरल्या देवळात ती आजाला म्हणाली, "बाबल, गाऱ्हाणं बदल. देवळातून निघताना आपण उंबऱ्यापर्यंत उलटेच येतो ना, देवीकडे पाठ नको म्हणून? माझो झील बंदरापर्यंत तसोच जायत. एकदाही पाठ करूचो नाय. असो गेलो तर चलात काय, ता विचार."

आजा हसला. त्या पाखाडीवर सरळ उतरणारेही पडत. आजा म्हणाला, "आणि मधेच वळलो तर?"

"तर मरेपर्यंत हंयच. मग मी पुन्हा विचारूचंय नाय."

आजाला ते सोयीचं वाटलं. दहा पायऱ्यांत वळेल आणि कटकट कायमची मिटेल. त्यानं ह्या वेळी उजवी पाकळी नुसती टेकवली. उजवी पडली.

बंदराबाहेर आगबोट लागलेली होती. धाकूनं उंबऱ्याबाहेर उलटं पाऊल टाकलं आणि ढोलवाल्याला म्हणाला, "नाचवू नको रे. चार ठोके सावकाश दे, चौथ्यावर थांब." आणि गायला लागला. पन्नास पायऱ्या तो पाण्यासारखा गेला. पण नाचात पुढं माणूस असतो, तो चालवतो. इथं पुढं कुणी नव्हतं. साठाव्या पायरीचा दगड निसटलेला, टाच घसरली, गुडघा फुटला. गर्दीतून कुणी म्हणालं, "वळ रे, हाडां मोडशीत." मान वळलीच होती थोडी. आजानं ते पाहिलं आणि घंटेच्या दोरीला हात घातला, वळला म्हणून वाजवायला.

तेवढ्यात आवडू खाली उतरली. म्हातारीचे गुडघे गेलेले. ती त्याच्या समोर आली, त्याचा एक हात आपल्या खांद्यावर ठेवला, दुसरा आपल्या हातात घेतला. "पायरी," म्हणाली. त्यानं पाय मागं टाकला. "पायरी. आता रुंद आसा. पायरी." ती पुढं, तो मागं. म्हातारी बुटकी होती, तिच्या डोक्यावरून त्याला देऊळ दिसत होतं. जिनं बांधलं, तिनंच एकेक पायरी मोजत त्याला आपल्यापासून लांब नेलं. गाणं कुठंही तुटलं नाही. घंटेची दोरी आजाच्या हातातच राहिली.

बंदरावर तो उलटाच होडीत बसला आणि वल्ही स्वतः घेतली. होडी वल्हवणाऱ्याचं तोंड तसंही किनाऱ्याकडेच असतं, त्यात कुणाला बोट ठेवता आलं नाही. आवाज आगबोटीपर्यंत ऐकू येत होता. खिंडीत बसलेला आवाज समुद्रावर बसला नाही.

पुढे काय झालं मला ठाऊक नाही. कुणी म्हणतात ती आगबोट बुडाली. कुणी म्हणतात बोनसारीत एक काळा, लंगडणारा माणूस गाऊ लागला, आणि लोकांनी त्याला सांगितलं, गातोस बरा, पण दाकोची सर नाही. एल्विरेनं मात्र ओळखला म्हणे. पत्र आलं नाही. तसा तो आधीही कुठं लिहीत होता.

आवडू परत निघाली तेव्हा सगळे बघत राहिले. वर चढायचं तर तोंड देवळाकडे होणार आणि पाठ समुद्राकडे. ती वळलीच नाही. गेलेल्या गुडघ्यांनी उलटी चढली, दोनशे चौदा पायऱ्या, डोळे त्या होडीवर, मग धुरावर, मग नुसत्या पाण्यावर, आणि पाठ सरळ पावणाईकडे. देवीचा अपमान झाला म्हणायची कुणाची छाती झाली नाही. आजाची तर नाहीच. त्या दिवसापासून त्यानं दोन्ही पाकळ्या सारख्या ओल्या लावल्या.

आजही सातोंडीतून परदेशी जाणारा देवळाकडे तोंड करून उतरतो, आणि घरचं एक माणूस पुढं चालत त्याला पायरी सांगतं. आजही शिमग्याचा ढोल इथं चौथ्या ठोक्याला थांबतो. आणि पोचवायला गेलेली आई आजही देवीकडे पाठ करून चढते. पावणाईनं आजवर एकीलाही पाडलेलं नाही. तेव्हा तो मोबाईल खिशात घाला, आणि ती बाई अजून वरच्या कठड्याशी उभी आहे, तिला पाणी नेऊन द्या.