पाळकांनी वगळलेली वचने

नदीकाठच्या एका गावात शांतवन पाटोळे नावाचे पाळक होते. चर्च लहान, मंडळी गरीब. जाडजूड भाष्यग्रंथ विकत घेणे त्यांना कधी जमले नव्हते. मग एका पाहुण्याने त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर पवित्र शास्त्राच्या अभ्यासाचे एक सॉफ्टवेअर टाकून दिले. ते अगदी फुकट होते. एक शब्द टाकला की तो शब्द असलेली सगळी वचने समोर येत. मूळ हिब्रू आणि ग्रीक शब्दांचे अर्थ येत, पंडितांची भाष्येही येत. पाळक हरखून गेले. त्यांची प्रवचने भरदार झाली. "पाळकसाहेबांना विचारा, ते शास्त्रातून काढून देतील," असे जो तो म्हणू लागला.

एके दिवशी सुवार्ता नावाची तरुण बाई आईला घेऊन आली. तिचा एक डोळा सुजून मिटला होता. नवरा दारू पिऊन मारायचा, म्हणून ती माहेरी निघून आली होती.

"साहेब, मला परत जावंच लागेल का? शास्त्रात जे असेल ते मी ऐकेन," ती म्हणाली.

पाळकांनी कॉम्प्युटर सुरू केला. तिचा सासरा मंडळीचा मुख्य पंच होता. तो सकाळीच बजावून गेला होता, "सूनबाईला समजावा. नाहीतर आम्हाला दुसरा पाळक बघावा लागेल."

पाळकांनी 'पत्नी' हा शब्द टाकला. वचनांची रांग लागली. पत्नीने नवऱ्याचे ऐकावे, असे सांगणारी वचने होती. नवऱ्याने तिला जिवापाड जपावे, हेही तिथेच होते. मुकाट मार खावा असा याचा अर्थ मुळीच नाही, असे एका भाष्यात स्पष्ट लिहिले होते. पाळकांनी ते सगळे वाचले. क्षणभर त्यांची नजर तिच्या सुजलेल्या डोळ्यावर गेली. मग त्यांनी ऐकण्याबद्दलची वचने तेवढी मोठ्याने वाचून दाखवली.

"आणखी काही नाही?" तिच्या आईने विचारले.

"एवढंच आहे," पाळक म्हणाले.

सुवार्ता त्याच संध्याकाळी सासरी गेली. पावसाळा संपायच्या आत तिला दफनभूमीत न्यावे लागले. नवऱ्याला पोलीस धरून घेऊन गेले.

मूठमाती देऊन झाल्यावर तिची आई पाळकांसमोर येऊन उभी राहिली.

"साहेब, माझ्या धाकटीच्या मोबाइलवर ते तुमचं फुकटचं शास्त्र आहे. काल तिनं मला पुढचं सगळं वाचून दाखवलं. तुम्हाला तेव्हा ते दिसलं नव्हतं का हो?"

पाळकांना मान वर करवेना.

"दिसलं होतं," ते म्हणाले.

ती पदराला लागलेली माती झटकून चालू लागली.

पाळकांची नोकरी टिकली. सुवार्ताची आई मात्र पुन्हा कधी चर्चची पायरी चढली नाही. रविवारी घंटा वाजली की ती घराचे दार लावून घेई.

तात्पर्य: ज्ञान शोधून देणारे साधन फुकट मिळू शकते, पण सापडलेले सत्य पूर्ण सांगण्याचे धैर्य माणसाला स्वतःच दाखवावे लागते. भीतीपोटी अर्धेच सत्य सांगणारा दुसऱ्याच्या जिवाचा घात करतो.