बयाजीचा उंबरठा

वेळूगडच्या राज्यात परमुलखातल्या माणसानं खुशाल राहावं, राबावं. पण रयतेत नाव लागल्याशिवाय दाराला उंबरठा बसवायचा नाही, असा कायदा. बयाजी कासारानं आल्या आल्या हौसेनं सागाचा उंबरठा आणून भिंतीला टेकवून ठेवला होता. आता त्या सागालाही वाळवी लागली होती, आणि बयाजीच्या गुडघ्यांना वात.

दर पुनवेला तो कचेरीची चढण चढायचा. त्र्यंबकपंत कारभारी विडा चघळत म्हणायचे, "पुढच्या पुनवेला ये." सलग बारा वर्षं राहिलेल्यालाच रयत करायचं, असा नेम. तीही भरली, तेव्हा पंतांनी नवंच काढलं. "इथंच राहिलास याला साक्षीदार आण. शेजारीपाजारी नकोत, कुणी मोठा माणूस हवा!"

पुढच्या पुनवेला खुद्द महाराज कचेरीत बसलेले. बयाजी धापा टाकत पंतांपुढं उभा राहिला.

"पंत, वळख हाय का गरिबाची?"

"न ओळखायला काय झालं?" पंत उखडले. "बारा वर्षांत एक पुनव चुकवली नाहीस! तुझं तोंड बघून डोळे विटले माझे!"

बयाजीनं महाराजांना हात जोडले. "साक्ष झाली, सरकार. पंतांपरीस मोठा माणूस कुठनं आणू?"

महाराज खो खो हसले. पंतांनी विडा गिळला आणि मुकाट्यानं नाव लिहिलं.

संध्याकाळी उंबरठा बसला. बसल्याबरोबर बयाजी त्यावरच टेकला.

शेजारीण ओरडली, "अवो बाबा, उंबऱ्यावर बसू नये!"

"बारा वर्षं हुबा हाय, बाय," बयाजी म्हणाला. "वाईच बसू दे."