उंबरठ्यावर अडलेला राजा

चंपानगरीत राजा उग्रतेज राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व गवंड्यांच्या कुळात जन्मून त्यांचा मुखिया झाला होता. नाव धृतिपाल. नगरातला प्रत्येक घाट, प्रत्येक कमान त्याच्याच कुळाने उभारलेली, आणि ही गोष्ट ते कुळ कधी विसरत नसे. विसरावे तरी का?

गवंड्यांची एक रीत होती. घर पुरे झाले की मुखिया उंबरठ्याच्या आत उभा राही. धनी बाहेरून विचारी, "घर कोणाचं?" मुखिया "तुमचं" म्हणून बाजूला होई, मगच धनी आत पाऊल टाकी. त्या शब्दावाचून शिरणाऱ्याला लोक चोर म्हणत, मग तो राजा का असेना.

उग्रतेजाने नवा राजवाडा बांधायला घेतला. जागेसाठी गवंड्यांचीच चाळीस घरे पाडली. दुसरी जागा देतो म्हणाला आणि विसरला. कुटुंबे नगराच्या तटाखाली राहू लागली. त्या नगरात ज्याला दार नाही त्याला कोणी कामावर बोलावीना, विहिरीवर पाणी भरू देईना, न्यायसभेत त्याची साक्ष धरीना. घर फिरले की वासेही फिरतात. वर्षभरात कालचे शेजारीच त्यांना आळशी आणि उचले म्हणू लागले.

गृहप्रवेशाच्या सकाळी प्रधानाने सर्वांदेखत हुकूम सोडला, "पाहुण्यांना ती तटाखालची वस्ती दिसता कामा नये. दुपारपर्यंत सगळ्यांना वेशीबाहेर हाकला."

धृतिपाल उंबरठ्याच्या आत उभा होता. त्याने ते ऐकले.

राजाने विचारले, "घर कोणाचं?"

धृतिपाल बाजूला झाला नाही. राजाने तीनदा विचारले.

"तुला एकट्याला हवेली देतो. बोल."

"महाराज, इथं चाळीस घरं होती. ती कुठंतरी उभी राहीपर्यंत या घराला 'तुमचं' म्हणणं खोटं होईल. खोटं आमच्या भिंतीत भरत नाही."

शिपायाने तलवार उपसली. धृतिपालाने हातातला, भिंतीचा सरळपणा पाहायचा ओळंबा खाली ठेवला नाही. पण त्याला मारले तर शब्द देणार कोण? दुसरा एकही गवंडी पुढे येईना.

परतावे तर जुना राजवाडा मोडून त्याचेच लाकूड इथे लावलेले. माध्यान्ह झाली. पाहुणे सावली शोधत पांगले. राजा आपल्याच दारात उन्हात उभा राहिला, आणि त्याला पाणी विचारायचे कोणाला सुचले नाही. शेवटी एके काळी चुना मळणारी सामा म्हातारी नदीवरून भरलेले मडके घेऊन आली.

पाणी पिऊन राजाने विचारले, "कुठं राहतेस, बाई?"

"आता तटाखाली. आधी तुम्ही उभे आहात ना, तिथं माझी चूल होती."

राजा दोन पावले मागे सरला. त्याने प्रधानाचा हुकूम रद्द केला, नदीकाठची आपली बाग वस्तीला दिली, आणि घरे होईपर्यंत स्वतः तंबूत राहिला.

पहिले घर सामाचे झाले. धृतिपालाने राजाला उंबरठ्याच्या आत उभे केले. म्हातारीने पदर सावरला आणि ताठ मानेने विचारले, "घर कोणाचं?"

"तुमचं, आई," राजा म्हणाला, आणि बाजूला झाला.

चाळिसावे दार उघडले त्या दिवशी धृतिपालाने राजवाड्याचा शब्द दिला.

कथा संपवून भिक्षूंचे गुरू, शास्ते, म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे हा माझा शिष्य आनंद. सामा म्हणजे विहाराच्या दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला पाणी देणारी ती वृद्ध भिक्षुणी. आणि गवंड्यांचा मुखिया मी होतो. त्या जन्मी मी जी जपली, ती सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता."