आरी आणि कांदा

“सात वर्षं भरली म्हणून मी निघालंच पाहिजे का, काजी?”

बुनाजी काजींनी मान वर केली नाही. हसाजीच्या वहाणेचा तुटका पट्टा ते आरीने शिवत होते.

हे रेवदंड्याचे शनिवार तेली. कोकणातले यहुदी, शनिवारी यांचा घाणा बंद, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. काजी म्हणजे त्यांच्यात लग्न लावणारा, मयत पोचवणारा, भांडण तोडणारा. बुनाजी काजी खाडीवर जाऊन खोकले की ओहोटी लागायची, असं मी गावोगाव सांगत फिरतो. ते सोडा. पुढचं मात्र खरं आहे.

हसाजी त्यांचा शिष्य. त्याला न्यायला सकाळीच म्हसळ्याहून मचवा आला होता. तिथल्या लोकांना आपला काजी हवा होता.

“तिकडे नऊ पुरुष आहेत,” काजी म्हणाले. “प्रार्थनेला दहा लागतात.”

“नऊ पुरुष कसले, नऊ तोंडं! कुणाच्या लेकीची सोयरीक मोडली, कुणी कुणाचा बांध कोरला… ‘काजी, तुम्ही सांगा.’ मी काय सांगू? चुकलो तर?”

“चुकशील.”

“इथे चुकलो तर तुम्ही असता.”

काजींनी दोरा ओढला.

“मिसरातल्या गुलामीतून सुटलेले आपले पूर्वज रानात रडले. कशासाठी?”

पाठांतरात हसाजीचा हात धरणारा कुणी नव्हता. “मिसरात खाल्लेल्या माशांसाठी. काकड्यांसाठी. कांद्यासाठी.”

“आणि चाबूक?”

“चाबकाचं… कुणी नावही काढलं नाही.”

…

रोज दुपारी हसाजी मुठीने कांदा फोडून काजींच्या ताटात ठेवायचा. काजींच्या बोटांत आता सुईपुरताच जोर उरला होता. आजही ताटं वाढायची वेळ झाली होती.

हसाजी एकदम ताठ बसला.

“शास्त्रात सोय आहे, काजी! सातव्या वर्षी सुटणारा दास म्हणाला, ‘धन्यावर माझा जीव आहे, मी जात नाही,’ तर त्याला राहता येतं.”

“कसं?”

“धन्याने त्याला दाराशी न्यायचं. कान चौकटीला टेकवायचा, आरीने टोचायचा. मग तो जन्माचा त्याचा.”

“पाठांतर चोख आहे तुझं.”

काजी उठले. गुडघे वाजले. एका हातात आरी, एका हातात वहाण.

“चल.”

चौकटीवर गेल्या सणाचा कागद चिकटवलेला होता. त्यावर बकऱ्याच्या रक्तात उठवलेला हाताचा पंजा. मिसर सोडलं त्या रात्रीची खूण.

हसाजीने डोळे मिटले आणि कान पुढे केला.

काहीच टोचलं नाही.

हातात काही आलं म्हणून डोळे उघडले, तर ती आरी होती. आणि त्या पंज्याखाली, चौकटीला, स्वतःचा म्हातारा कान टेकवून ते उभे होते.

“टोच.”

“काजी, हे काय भलतंच!”

“सात वर्षं तुझ्या हातचं खाल्लं. मचवा सकाळीच लागलाय. मी वहाण शिवतोय अजून. एक टाका घालतो, दोन उसवतो… माझाही पाय निघत नाही, बाबा. टोच.”

हसाजीने आरी खाली केली.

खालून खाडीवरून हाक आली, “चला हो! पाणी उतरायला लागलं!”

हसाजी खाली बसला. काजींच्या हातातली वहाण मांडीवर घेतली. राहिलेलं भोक स्वतःच पाडलं, पट्टा ओवला, गाठ मारली. पायात घातली.

उंबरा ओलांडला आणि थांबला. मागे वळून पाहायचा धीर होईना.

“काजी… दुपारी कांदा कोण फोडून देईल तुम्हाला?”

काजींनी कान अजून चौकटीवरून काढला नव्हता.

“कांद्यासाठी रडायचं काम माझ्याकडे राहू दे. तू नीघ.”